हाताची सवय आणि हत्यारांची जागा

शिशाच्या खिळ्यांच्या काळात मराठी छापखान्यातील कसबी जुळारी केसकडे पाहून अक्षर उचलीत नसे. त्याची नजर हस्तलिखितावर असे आणि हात आपोआप योग्य त्या खणाकडे जाई. देवनागरीची जोडाक्षरे, अर्धी अक्षरे, काने, मात्रा, वेलांट्या यांमुळे खिळ्यांचे प्रकार शेकड्यांनी मोजावे लागत. तरीही अमुक अक्षर कोठे आहे असे त्याला कोणास विचारावे लागत नसे. त्यालाच कोणी विचारले असते तर कदाचित तोंडाने सांगताही आले नसते, कारण हे ज्ञान त्याच्या बोटांत मुरलेले होते. एखाद्या रात्री मालकाने कोणालाही न विचारता सगळ्या खणांची अदलाबदल करून ठेवली असती, तर दुसऱ्या दिवशीचा अंक वेळेवर निघाला नसता. म्हणूनच असला उद्योग कोणी करीत नसे.

संगणकावर छायाचित्रे दुरुस्त करणाऱ्या, लग्नपत्रिका आणि फलक रचणाऱ्या, नियतकालिकांची पाने सजविणाऱ्या आजच्या कारागिराच्या बाबतीत मात्र अशी अदलाबदल होते. ती हजारो मैलांवरून होते, एका रात्रीत होते आणि पुष्कळदा ‘सुधारणा’ या नावाने होते. चित्रसंपादनाच्या आज्ञावलीतील साधनपट्टी कशी मांडावी आणि कोणत्या कामाला कोणती कळ असावी, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. वस्तुतः तो कारागिराच्या हाताच्या सवयीवर अधिकार कोणाचा, असा प्रश्न आहे.

या क्षेत्रातील सर्वांत परिचित नाव फोटोशॉपचे. मिशिगन विद्यापीठात डॉक्टरेटसाठी अभ्यास करणारा टॉमस नॉल आणि चित्रपटांतील दृश्य-करामतींच्या व्यवसायात असलेला त्याचा भाऊ जॉन यांनी १९८७ च्या सुमारास ज्या कामाला आरंभ केला, ते अ‍ॅडोबी कंपनीने फेब्रुवारी १९९० मध्ये बाजारात आणले. प्रारंभी ते केवळ मॅकिंटॉश संगणकावर चालत असे. आज ‘हा फोटो फोटोशॉप केलेला आहे’ असे वाक्य संगणकाला कधी हात न लावलेला माणूसही सहज बोलून जातो. पडद्याच्या डाव्या कडेला साधनांची उभी पट्टी, आणि प्रत्येक साधनाला कळफलकावरील एक अक्षर, ही तिची मांडणी. ब्रशला ‘बी’, कातरकामाच्या क्रॉपला ‘सी’, फासा टाकून भाग निवडणाऱ्या लॅसोला ‘एल’. इतपत सारे सुबोध आहे. परंतु साधने वाढत गेली आणि अक्षरे सव्वीसच राहिली. मार्की या साधनाने ‘एम’ आधीच बळकावल्यामुळे मूव्हला ‘व्ही’वर समाधान मानावे लागले, आणि चेहऱ्यावरील डाग पुसणाऱ्या हीलिंग ब्रशच्या वाट्याला ‘जे’ आले. ‘जे’ का, याचे उत्तर साधनाच्या नावात शोधून सापडत नाही.

तरीही इंग्रजी बेताचेच असलेला कारागीर या गोंधळाने अडत नाही. याचे कारण असे की तो अक्षर वाचीतच नाही. ‘व्ही’ ही त्याच्या लेखी डाव्या तर्जनीखालची एक जागा असते, जशी जुळाऱ्याच्या लेखी खणाची जागा असे. उजवा हात माऊसवर, डावा कळफलकावर आणि डोळे चित्रावर अशी त्याची बैठक ठरून जाते. एकदा ती बसली की हत्यार बदलण्यासाठी नजर चित्रावरून हलवावी लागत नाही. ज्याने नववधूच्या छायाचित्रातील केसांची एकेक बट मोकळी करून मागची भिंत पुसली आहे, त्यालाच नजर न हलण्याचे मोल कळेल.

कापणे, नकलणे, चिकटविणे आणि केलेले मागे घेणे या चार कामांच्या कळा, म्हणजे ‘एक्स’, ‘सी’, ‘व्ही’ आणि ‘झेड’, आज जवळजवळ प्रत्येक आज्ञावलीत सारख्याच असतात. यामागे इतिहास आहे. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी ‘जिप्सी’ ही मजकूर-संपादनाची आज्ञावली रचली आणि मजकूर कापून दुसरीकडे चिकटविण्याची आजची सोपी रीत तीत आणली. पुढे टेस्लर अ‍ॅपलमध्ये गेले. त्या कंपनीच्या १९८३ च्या ‘लिसा’ संगणकावर कळफलकाच्या खालच्या ओळीतील शेजारशेजारच्या चार कळा या कामांना मिळाल्या आणि पुढील वर्षी मॅकिंटॉशने त्या सर्वदूर नेल्या. एकच कळ प्रसंगाप्रसंगाने निरनिराळे काम करते याचा टेस्लरना इतका तिटकारा होता की त्यांच्या मोटारीच्या पाटीवरही ‘नो मोड्स’ अशी अक्षरे होती. चित्रसंपादनात हा शत्रू अद्याप जिवंत आहे. अक्षरे लिहिण्याचे साधन हातात असताना ‘बी’ दाबले तर ब्रश येत नाही, पत्रिकेवर ‘बी’ उमटतो.

वेळेचा हिशेबही पाहण्याजोगा आहे. स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरन आणि अ‍ॅलन न्यूएल या तिघांनी १९८० मध्ये संगणकावरील हालचालींना लागणाऱ्या वेळेचे एक कोष्टक प्रसिद्ध केले. सरावलेल्या हाताला एक कळ दाबण्यास सुमारे ०.२ सेकंद आणि माऊसने पडद्यावरील एखाद्या जागी पोचण्यास सुमारे १.१ सेकंद लागतो, असे त्यात धरलेले आहे. मेन्यू उघडून त्यातील आज्ञा निवडायची तर दोनदा नेम धरावा लागतो आणि दोनदा कळ दाबावी लागते, म्हणजे २.६ सेकंद. तेच काम दोन कळांनी केल्यास ०.४ सेकंद. एका आज्ञेमागे २.२ सेकंदांची बचत. दिवसाकाठी अशा ५०० आज्ञा दिल्या असे गृहीत धरले तर १,१०० सेकंद, म्हणजे अठरा मिनिटांहून अधिक वेळ वाचतो. लग्नसराईत रात्री बारापर्यंत आल्बम पुरे करणाऱ्या स्टुडिओत अठरा मिनिटे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

असे असूनही बहुसंख्य लोक शॉर्टकट शिकतच नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात मायक्रोसॉफ्ट वर्डच्या २५१ अनुभवी वापरकर्त्यांची पाहणी करण्यात आली होती. अनुभव वाढला म्हणून माणूस आपोआप कळांकडे वळतो असे त्यात आढळले नाही. बहुतेक जण चित्रांच्या पट्टीवरच माऊस फिरवीत राहिले होते. सरकारी कचेऱ्यांत वर्षानुवर्षे संगणकावर बसणाऱ्यांना आजूबाजूला दृष्टी टाकल्यास याची प्रचीती येईल. अर्थात त्यांना दोष देण्यात हशील नाही. काम अडत नाही तोवर नवी रीत शिकावयास कोणाला सवड असते? परंतु ज्यांचे पोट चित्रसंपादनावर आहे त्यांची गोष्ट निराळी. तेथे हात तयार झाल्यावाचून गती येत नाही आणि गतीवाचून दर परवडत नाही.

हात तयार व्हायला वर्षे लागतात. तो बिघडवायला एक आवृत्ती पुरते. ऑक्टोबर २०१८ मध्ये फोटोशॉपची २०१९ या सालाचे नाव धारण करणारी आवृत्ती निघाली. तोपर्यंत कंट्रोल आणि ‘झेड’ दाबले की शेवटची कृती मागे जात असे, आणि पुन्हा दाबले की ती परत येत असे. एकाहून अधिक पावले मागे जाण्यासाठी ऑल्टची कळ जोडीला घ्यावी लागे. नवख्याला हे विचित्र वाटे, कारण इतर सर्वत्र तीच कळ पावलापावलाने मागे नेते. जुन्या कारागिराला मात्र या विचित्रपणाचा मोठा उपयोग होता. केलेला बदल चांगला दिसतो की वाईट, हे तो तीच कळ दोनचारदा दाबून, आधीचे व नंतरचे चित्र आलटून पालटून पाहून ठरवीत असे. नव्या आवृत्तीत ही कळ जगाच्या रीतीप्रमाणे वागू लागली. जुनी पद्धत हवी असणाऱ्यांसाठी शॉर्टकटच्या चौकटीत एक खूण करण्याची सोय ठेवण्यात आली होती, हे मान्य केले पाहिजे.

याच आवृत्तीतील दुसरा बदल अधिक जाचक ठरला. चित्राचा आकार लहानमोठा करताना त्याची प्रमाणबद्धता राखायची तर शिफ्टची कळ दाबून धरायची, हा पाठ फोटोशॉपच्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात मिळत असे. नव्या आवृत्तीने तो उलटा केला. आता प्रमाण आपोआप राखले जाऊ लागले, आणि शिफ्ट दाबली की चित्र हवे तसे ताणले जाऊ लागले. ज्याने वर्षानुवर्षे शिफ्ट दाबली, त्याचे बोट विचारण्यापूर्वीच त्या कळेवर जाणार, आणि वराचा चेहरा आडवा पसरणार! यातही गंमत अशी की तीच शिफ्ट अन्य कंपन्यांच्या आज्ञावलींत, फार काय खुद्द अ‍ॅडोबीच्या इलस्ट्रेटरमध्ये, जुनेच काम करीत राहिली. एकाच टेबलावर दोन आज्ञावली उघडून बसणाऱ्याने बोटांना कोणता धडा द्यावा? जुन्या पद्धतीकडे परतण्यासाठी प्रारंभी पसंतीच्या यादीत साधी खूणही नव्हती. एक छोटी मजकूर-फाईल स्वतः लिहून ठरावीक फोल्डरमध्ये ठेवावी लागे. तक्रारी झाल्या, आणि २०१९ मध्ये ती सोय यादीत आली.

बदल मुळातच चुकीचा होता असे कोणी म्हणणार नाही. नवा माणूस शिफ्ट विसरतो आणि चित्र बिघडवतो, हे निर्मात्यांचे निरीक्षण खरेच होते. आक्षेप आहे तो क्रमाला. आधी बदल, मग गोंधळ, मग तक्रार आणि शेवटी परतीचा दरवाजा, असे होण्याऐवजी दरवाजा पहिल्या दिवशीच उघडा असायला हवा होता. पूर्वी विकत घेतलेल्या तबकडीवरची जुनी आवृत्ती कारागिराला हवी तितकी वर्षे वापरता येत असे. २०१३ पासून अ‍ॅडोबीने नव्या आवृत्त्यांसाठी वर्गणीची पद्धत स्वीकारली आणि मे २०१९ मध्ये काही जुन्या आवृत्त्या वापरण्याची मुभा आता उरलेली नाही असे वर्गणीदारांना कळविले. हत्यार भाड्याचे झाले की खणांची मांडणीही भाड्याची होते.

वेंडी मॅके या संशोधिकेने १९९१ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यासंस्थेतील ५१ जणांच्या सवयींचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे आज्ञावलीत आपल्या सोयीचे फेरफार केव्हा करतात, हा त्यांचा विषय होता. सवड नाही म्हणून बहुतेक जण त्या वाटेला जात नाहीत, हे अपेक्षितच होते. मार्मिक निष्कर्ष पुढचा आहे. नवी आवृत्ती आली की माणसे फेरफार करायला बसतात, आणि तो फेरफार नवीन काही मिळविण्यासाठी नसतो. नव्याला जुन्यासारखे वागायला लावण्यासाठी असतो. कंपन्यांच्या जाहिरातीत ‘आपल्या आवडीनुसार मांडणी करा’ अशी जी सोय मिरवली जाते, तिचा खरा ग्राहक हौशी माणूस नसून घर बदलल्यावर देव्हारा जुन्याच दिशेला मांडू पाहणारा कुटुंबवत्सल गृहस्थ आहे, असे म्हणायला हरकत नाही.

या सोयी आता पुष्कळ आहेत. शॉर्टकट स्वतः ठरविण्याची मुभा फोटोशॉपमध्ये २००३ च्या आवृत्तीपासून आली. साधनपट्टीतील न लागणारी साधने बाजूला सारण्याची आणि उरलेल्यांचे गट पाडण्याची मुभा २०१५ मध्ये आली. त्याही आधी, १९९६ पासून, कामांची मालिका एकदाच नोंदवून ती वरच्या ओळीतील एफ-कळांपैकी एखादीला जोडून देण्याची सोय होती. तालुक्याच्या गावातील स्टुडिओवाल्याने तिचा जो उपयोग केला, तो अन्य कोणी क्वचितच केला असेल. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा चेहरा कापणे, कडेला बारीक रेघ ओढणे, एका कागदावर आठ प्रती मांडणे, हे सारे एका कळेवर! शाळाप्रवेशाच्या दिवसांत दुकानापुढे जी रांग भराभर पुढे सरकते, ती या कळेच्या जोरावर.

फुकट मिळणाऱ्या आणि मूळ संहिता खुली असणाऱ्या ‘गिंप’ची कहाणी याहून वेगळी आहे. बर्कली येथील स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी घडविलेली ही आज्ञावली १९९६ मध्ये लोकांपुढे आली. तिच्या जुन्या आवृत्त्यांत एक विलक्षण सोय होती. ती एकदा चालू करून ठेवली की मेन्यूतील एखाद्या आज्ञेवर माऊस ठेवून हवी ती कळ दाबायची, की त्या क्षणापासून ती कळ त्या आज्ञेची होई. चौकट नाही, खूण नाही, विचारपूस नाही. साहजिकच चुकून दाबलेली कळही तितक्याच तत्परतेने नेमली जाई, आणि म्हणून ही सोय मुळात बंद ठेवून हवी त्यानेच चालू करावी असे ठरले. फोटोशॉपवर हात बसलेल्यांसाठी त्याच कळांची एक तयार फाईलही गिंपसोबत मिळत असे. २००५ च्या सुमारास स्कॉट मॉशेला या गृहस्थाने तर गिंपचे मेन्यूच फोटोशॉपच्या वळणावर मांडून ‘गिंपशॉप’ नावाने वेगळी आज्ञावली वाटली. दोन पैसे वाचावेत म्हणून फुकटची आज्ञावली घेणारा माणूसही हाताची जुनी सवय सोडायला राजी नसतो, हे यावरून दिसते. खुल्या आज्ञावलीचे चालक तरी अदलाबदलीच्या मोहापासून मुक्त आहेत असे मात्र नाही. २०१२ च्या २.८ या आवृत्तीत त्यांनी ‘सेव्ह’ची आज्ञा केवळ गिंपच्या स्वतःच्या फाईलपुरती राखून ठेवली आणि नेहमीचे जेपेग चित्र हवे असल्यास ‘एक्स्पोर्ट’ करा असे फर्मावले. कारण तर्कशुद्ध होते. वापरकर्ते तरीही संतापले. फरक इतकाच की येथे न पटणाऱ्याला जुनी आवृत्ती ठेवण्याची किंवा संहिता बदलून घेण्याची कायदेशीर मोकळीक होती.

हवी तशी मांडणी करू द्या, या मागणीला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. ज्या प्रशिक्षणवर्गात एका संगणकावर दिवसभरात तीन तुकड्या बसतात, तेथे सकाळच्या विद्यार्थ्याने बदललेल्या कळा दुपारच्या विद्यार्थ्याला खड्ड्यात घालतात. शिक्षक ‘आता व्ही दाबा’ म्हणतो आणि वर्गातील दोघांच्या पडद्यावर भलतेच घडते. पुस्तकांत, परीक्षांत, नोकरीच्या चाचणीत मूळ मांडणीच गृहीत धरलेली असते. सगळे आपल्या सोयीचे करून घेतलेला कारागीर दुसऱ्या दुकानात गेला की पांगळा होतो. शिवाय साधने मांडण्यातच तास घालवून चित्राला हात न लावणारे महाभागही असतात. बैठक झाडण्यात मैफल संपावी तसा तो प्रकार. म्हणून विद्यार्थ्याने निदान पहिले वर्षभर मूळ कळांवरच हात बसवावा, हे शिक्षकांचे म्हणणे योग्य आहे. नंतर ज्या पाचदहा आज्ञा रोज लागतात आणि ज्यांना कळच नाही किंवा अवघड कळ आहे, तेवढ्याच बदलाव्यात. अपवाद शरीराच्या अडचणीचा. ज्याला एकच हात आहे, ज्याचे मनगट दुखावलेले आहे किंवा जो माऊस डाव्या हाताने धरतो, त्याला पहिल्या दिवसापासून वेगळी मांडणी हवी. डावा हात कळफलकावर राहील हे गृहीतच त्याच्या बाबतीत कोसळते.

माणसाऐवजी यंत्रानेच मांडणी बदलावी, हा प्रयोगही होऊन गेला आहे. मायक्रोसॉफ्टने ऑफिस २००० मध्ये कमी वापरातल्या आज्ञा मेन्यूतून आपोआप लपविण्यास प्रारंभ केला. काल तिसऱ्या ओळीत असलेली आज्ञा आज पाचव्या ओळीत सापडे किंवा सापडतच नसे. हेतू मदतीचा होता. परंतु जागा स्थिर असल्यावाचून हात शिकत नाही, याचा विसर पडला होता. २००७ च्या आवृत्तीत वर्ड, एक्सेल यांच्या त्या मेन्यूंबरोबरच हा प्रकारही गेला. आता कृत्रिम बुद्धीच्या जोरावर प्रसंग पाहून साधने पुढे करणाऱ्या पट्ट्या चित्रसंपादनात येऊ लागल्या आहेत. त्यांची परीक्षा या जुन्या कसोटीवर व्हायला हवी.

महाराष्ट्रातील टंकलेखकांना हा सारा वाद ओळखीचा वाटेल. रेमिंग्टन यंत्रावर मराठी टंकलेखन शिकलेली, परीक्षा उत्तीर्ण होऊन कचेऱ्यांत स्थिरावलेली एक पिढी होती. १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक प्रमाण ठरविला. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने आणि सर्व भारतीय लिप्यांना एकच मांडणी, अशी त्याची रचना शास्त्रशुद्ध आहे, आणि नव्याने शिकणाऱ्याला ती सोपी जाते. पण ज्याच्या बोटांत रेमिंग्टन मुरले होते, त्याला शास्त्र सांगून काय उपयोग? मराठीसाठी आज्ञावली विकणाऱ्यांनी हे व्यवहाराने ओळखले आणि इन्स्क्रिप्टबरोबर रेमिंग्टनची मांडणीही देऊ केली. त्यामुळे पन्नाशीतल्या लिपिकाला संगणकावरही आपल्या गतीने लिहिता आले, आणि शेजारच्या टेबलावरची नवी मुलगी इन्स्क्रिप्टवर लिहीत राहिली. कागदावर उमटणारे पत्र दोघांचे सारखेच.

चित्रसंपादकाला ही मुभा मिळण्यात तांत्रिक अडचण कोणतीच नाही. फोटोशॉपमधील कळांची नेमणूक एका लहानशा फाईलमध्ये साठविता येते, गिंपमध्येही तसेच आहे, आणि ती खिशातल्या पेन ड्राईव्हवर घेऊन दुसऱ्या यंत्रावर बसविता येते. वर्गातील संगणक असेल तर काम संपल्यावर मूळ मांडणी एका आज्ञेने परत आणता येते. प्रशिक्षणवर्गांच्या अभ्यासक्रमात थर, मुखवटे आणि रंगसंगती यांना तास दिले जातात. ही फाईल साठवावी कशी, दुसरीकडे न्यावी कशी आणि मूळ मांडणीवर परतावे कसे, यासाठी अर्धा तास पुरेल. दुकान बदलताना कारागीर आपली हत्यारांची पेटी बरोबर नेतो, तशी ही फाईल नेण्यास दुकानदाराची ना असण्याचेही कारण नाही. तीत ना गिऱ्हाइकाचे चित्र असते, ना दुकानाचा हिशेब. कोणत्या बोटाला कोणते काम, एवढीच यादी असते.